भिलारला जाल तेव्हा
पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत वेगवेगळे विषय: कुठे बालसाहित्य, कुठे इतिहास, कुठे कविता. वाचायला पैसे पडत नाहीत. सगळी घरं एका दिवसात पालथी घालू नका, तीनच धरा. एक मुलांच्या आवडीचं, एक तुमच्या, आणि एक अशा विषयाचं, ज्याकडे तुमच्याकडे कुणी फिरकत नाही. माझी लेक चरित्रांना हात लावायची नाही. तिथे मांडी घालून तिनं एक उघडलं, मधलंच पान, आणि चहा निवला तरी मान वर केली नाही. पुस्तक असंच मधून चाळावं. आवडलं की नाव नि प्रकाशक वहीत टिपा. परतल्यावर पुण्यात अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात, ती वही घेऊन जा.