टिकाऊ मेमरीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिताना या चुका टाळा

ऐरोलीत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे कर्नेलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) प्रकल्प तपासताना एक प्रश्न वारंवार कानावर येतो: वीज गेल्यावरही टिकाऊ मेमरी काही विसरत नाही, मग मशीन पुन्हा सुरू केल्यावर तिच्यातली नोंदींची यादी तुटलेली का सापडते?

चलात मूल्य भरले की ते मेमरीत पोहोचले, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते आधी प्रोसेसरच्या कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या जवळच्या छोट्या तात्पुरत्या साठ्यात, राहते आणि बहुतेक मशीनवर ही कॅश वीज जाताच पुसली जाते. शिवाय कॅशमधील ६४ बाइटच्या ओळी कोणत्या क्रमाने बाहेर पडतील हे आपल्या हाती नसल्याने, नव्या नोंदीचा पॉइंटर (तिची जागा दाखवणारे मूल्य) मेमरीत पोहोचतो आणि नोंद मात्र मागेच राहते, असेही घडते. म्हणून आधी नोंद लिहावी, तिच्या ओळी सीएलडब्ल्यूबी या प्रोसेसरच्या सूचनेने मेमरीकडे पाठवाव्यात, मग एसफेन्स (आधीची लेखने पूर्ण होईपर्यंत पुढची रोखणारी सूचना) द्यावा, आणि त्यानंतरच पॉइंटर बदलून तोही याच रीतीने पाठवावा. इंटेलच्या प्रोसेसरवर ८ बाइटचे, योग्य सीमेवर बसलेले लेखन तेवढे अर्धवट राहत नाही. त्याहून मोठ्या बदलाला लॉग (बदलाची वेगळी नोंद) किंवा कॉपी-ऑन-राइट (प्रतीत बदल करून मग ती जोडणे) हवेच.

चाचणीतली चूक मला याहून घातक वाटते, कारण ती पहिली चूक झाकून ठेवते. प्रोग्रॅम ‘किल’ (जबरदस्तीने बंद) केल्याने वीज जाण्याची परीक्षा होत नाही, कारण कॅश तशीच शाबूत राहते. आभासी मशीन चालवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅममधील मशीन अचानक बंद केले तरी होस्टकडे (ते चालवणाऱ्या खऱ्या मशीनकडे) सगळे लेखन सुरक्षित असते. त्याऐवजी प्रत्येक लेखनाची नोंद ठेवावी, दोन एसफेन्सच्या मध्ये वीज गेली असे मानून त्यांतील कोणतीही काही लेखनेच टिकली अशा मेमरीच्या प्रती तयार कराव्यात, आणि प्रत्येक प्रतीवर पुनर्प्राप्तीचा कोड चालवावा. हे काम कंटाळवाणे आहे, तरी ते टाळू नये.

पॉइंटरमध्ये थेट पत्ता साठवू नये, कारण पुढच्या वेळी तोच भाग दुसऱ्या पत्त्यावर जोडला जाऊ शकतो. त्या भागाच्या सुरुवातीपासूनचे अंतर साठवावे. लिनक्सवर डॅक्सने (मधली प्रत न ठेवता थेट टिकाऊ मेमरीतून) जोडलेल्या फाइलसाठी ४.१५ आवृत्तीपासून फाइलची रचना पक्की ठेवणारा मॅप-सिंक हा पर्याय उपलब्ध आहे. तो न वापरल्यास एफसिंकशिवाय (फाइल पक्की करण्याच्या आज्ञेशिवाय) फाइलच्या रचनेची खात्री धरू नये.

मशीन सुरू होऊनही पहिल्याच कामावर अडकत असेल, तर कुलपे (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याला, डेटा वापरू देणाऱ्या खुणा) तपासावीत. टिकाऊ मेमरीतले कुलूप मेलेल्या थ्रेडच्या नावावर बंदच राहते आणि रीस्टार्टनेही सुटत नाही. कुलपे वीज जाताच रिकाम्या होणाऱ्या साध्या डीरॅममध्ये ठेवावीत. ते शक्य नसेल तर प्रत्येक कुलपात बूटचा क्रमांक लिहावा आणि जुना क्रमांक दिसताच ते मोकळे समजावे.