नवीन फ्रीलान्स वेब डिझायनरनो, दर सांगताना आणि क्लायंट शोधताना या चुका टाळा

"वेबसाईट करायची हाय. किती पडंल?"

फोनवर पहिला प्रश्न हाच येतो. नवीन होतो तेव्हा मी त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचो. कोल्हापुरातल्या एका गूळ व्यापाऱ्याला असंच उभ्या उभ्या 'आठ हजार' सांगून मोकळा झालो. पाच पानांची साईट, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. काम सुरू झाल्यावर कळलं की मजकूर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत हवाय. रव्याच्या, म्हणजे गुळाच्या ढेपेच्या, प्रत्येक वजनाचा वेगळा फोटो हवाय, गूळ पावडरचं पान निराळं हवंय आणि चौकशीचा फॉर्म भरला की त्यांच्या दोन्ही मुलांना मेल गेला पाहिजे. मी वहीत तास मांडत होतो. शेवटी सत्तर भरले. म्हणजे तासाला ११४ रुपये, आणि होस्टिंगचे, म्हणजे साईट ज्या सर्व्हरवर ठेवतात त्या जागेच्या भाड्याचे, पैसेही मीच भरलेले.

त्या माणसाने मला कुठेही फसवलं नव्हतं. मीच काही विचारलं नव्हतं. दर चुकतो तो काम ठरायच्या आधी तोंडातून निघाल्यामुळे, हे मला त्या सत्तर तासांनी शिकवलं. पुढच्या बहुतेक चुका याच एका मुळाला येऊन मिळतात.

फोनवर आकडा सांगणं

समोरच्याने कितीही घाई केली तरी म्हणा, "आधी काय हवंय ते समजून घेतो, उद्या संध्याकाळपर्यंत क्वोटेशन पाठवतो." मग विचारा: साईट कोण बघणार आहे, गिऱ्हाईक की कंपन्यांचे खरेदीवाले? भाषा किती? मजकूर आणि फोटो कोण देणार? ऑनलाइन पैसे घ्यायचे आहेत का? डोमेन, म्हणजे साईटचं डॉटकॉमसारखं नाव, आधीपासून आहे का, आणि असेल तर लॉगिन कोणाकडे आहे? साईट सुरू झाल्यावर बदल कोण करणार?

दहा मिनिटांचं बोलणं आहे. पण या सहा प्रश्नांत आठ हजारांचं काम बावीस हजारांचं कसं होतं ते तुम्हालाही दिसतं आणि समोरच्यालाही. फारच आग्रह झाला तर एकच आकडा देऊ नका. "अशी कामं माझ्याकडे पंधरा ते पस्तीस हजारांत होतात, नेमकं उद्या सांगतो," एवढं पुरतं.

शेजारच्याचा दर बघून आपला दर ठरवणं

गावात कुणी पाच हजारांत करतो, पुण्यात कुणी साठ हजार घेतो. दोघांचाही घरखर्च तुम्हाला माहीत नाही. आपला हिशेब आपण मांडावा. समजा, घरासाठी महिन्याला ३०,००० लागतात. लॅपटॉपची झीज, इंटरनेट, सॉफ्टवेअर आणि अकाउंटंट मिळून ५,०००. काम नसलेल्या महिन्यासाठी किंवा दुखण्याखुपण्यासाठी आणखी ५,०००. झाले ४०,०००.

आता तास. दिवसाला आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे २०० तास असं धरून मुलं २०० रुपये दर काढतात, आणि इथेच घसरतात. फोन, भेटी, क्वोटेशनं, पैशांचा पाठपुरावा आणि नवीन काही शिकणं यांत निम्मा वेळ जातो. ज्याचे पैसे मिळतात असे तास १०० धरा. दर पडतो तासाला ४०० रुपये. साध्या पाच पानांच्या साईटला ४५ तास लागत असतील तर १८,०००, आणि न दिसलेल्या कामासाठी वर वीस टक्के धरले की २१,६००.

हा आकडा क्लायंटला तासांत सांगायची गरज नाही. त्याला एकरकमी सांगा. तासांचा हिशेब आपल्या वहीत असू द्या, कारण घासाघीस सुरू झाली की कुठे थांबायचं हे तीच वही सांगते. पहिली दोन-तीन कामं याच्या खाली घ्यावी लागतील, मीही घेतली. पण किती खाली घेतोय हे माहीत असताना घ्या.

क्वोटेशनमध्ये नुसतं 'वेबसाईट डिझाइन' लिहिणं

एक पान पुरतं, पण त्यात काय येतं आणि काय येत नाही हे दोन्ही असू द्या. पानांची नावं, भाषा, किती फोटो टाकणार, डिझाइनमध्ये दोनदा बदल, तिसऱ्या बदलापासून वेगळे पैसे. लोगो, मजकूर लिहिणं, फोटो काढणं, गुगलवर जाहिरात यात नाही. क्वोटेशन पंधरा दिवस लागू. 'अनलिमिटेड बदल' हे शब्द कुठेही लिहू नका, मी एकदा लिहिले आणि तीन महिने एका हिरव्या रंगाच्या छटा बदलत बसलो.

मजकुराची तारीखही लिहा. आपल्याकडे निम्मी कामं इथेच अडतात. मालकांना दसऱ्याला किंवा पाडव्याला साईट सुरू करायची असते, मुहूर्त ठरलेला असतो, आणि माहिती मात्र 'पाठवतो, पाठवतो' म्हणत आदल्या रात्री येते. माझ्या क्वोटेशनमध्ये आता सरळ ओळ असते: सगळा मजकूर आणि फोटो मिळाल्यापासून एकवीस दिवसांत साईट तयार. दिवस मोजायला सुरुवात त्यांच्या हातात गेली की माहिती लवकर येते, हा माझा अनुभव आहे. आणि फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवू देऊ नका, त्यांचा दर्जा उतरतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर ड्राइव्हवर टाका, हे पहिल्याच दिवशी दाखवून द्या.

डोमेन स्वतःच्या नावावर घेणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सोय म्हणून मी एका क्लायंटचं डॉटकॉम माझ्या ईमेलवरून, माझ्या कार्डावर घेतलं. पुढच्या वर्षी कार्ड बदललं, रिन्यूअलचे मेल जाहिरातींच्या ढिगात गेले. एका सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला: साईट बंद, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याच डोमेनवरचे ऑफिसचे सगळे मेल बंद. त्यांची एक ऑर्डर मेलवर अडकली होती. डोमेन मुदतीनंतरच्या सवलतीच्या दिवसांत होतं म्हणून नेहमीच्या पैशांत परत मिळालं. ते दिवस संपले असते तर डॉटकॉम तीस दिवसांच्या 'रिडेम्प्शन'मध्ये जातं, तिथून सोडवायला हजारो रुपये लागतात, आणि त्यानंतर ते कुणीही घेऊ शकतो.

तेव्हापासून डोमेन आणि होस्टिंग दोन्ही क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या ईमेलवर, त्यांच्याच पैशांनी. मी शेजारी बसून घेऊन देतो आणि मला फक्त काम करण्यापुरता प्रवेश ठेवतो. होस्टिंगची जाहिरातीतली किंमत पहिल्या मुदतीपुरती असते, रिन्यूअलला ती बऱ्याचदा दुप्पट किंवा त्याहून जास्त होते, हेही तेव्हाच दाखवतो. नाहीतर दुसऱ्या वर्षी तुम्ही दर लपवला असा समज होतो. पैसे वाचवायला फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या थीम (साईटचे तयार साचे) आणि प्लगिन (साईटला जोडायचे तयार भाग) वापरू नका. त्यांत बऱ्याचदा घातक कोड घातलेला असतो, आणि साईट हॅक झाली की नाव तुमचं जातं.

पैसे 'काम झाल्यावर' घेणं

माझी पद्धत अशी: निम्मे सुरुवातीला, तीस टक्के डिझाइन पास झाल्यावर, वीस टक्के साईट त्यांच्या डोमेनवर चढवायच्या आधी. तोवर साईट माझ्या चाचणीच्या पत्त्यावर दिसते. आधी सुरू करून दिली की शेवटचा हप्ता लांबतो, हे जवळजवळ ठरलेलं आहे. अॅडव्हान्स मागताना अवघडल्यासारखं होतं हे खरं, पण शिंपी विसार घेतो, मंडपवाला घेतो. काम खरंच करून घ्यायचं असलेला माणूस अॅडव्हान्सला सहसा अडत नाही.

पैसे अडकलेच तर भांडायच्या आधी कागद बघा. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि मोफत होते, ती पहिलं मोठं काम घ्यायच्या आधीच करून ठेवा. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल, लेखी करार नसेल तर पंधरा दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत चुकतं करावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आणखी एक गोष्ट झाली आहे: अशी मुदत उलटलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय ती खर्च म्हणून आयकरात वजा धरता येत नाही. त्यामुळे मार्चच्या सुमाराला समोरच्या कंपनीच्या अकाउंट विभागाला उद्यम क्रमांक असलेल्या बिलाची नम्रपणे आठवण करून दिली, तर ते पुष्कळदा हलतं.

जीएसटीचं उगाच दडपण घेऊ नका. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. मात्र नोंदणी नसताना बिलावर जीएसटी लावायचाही नाही. आणि एखाद्या कंपनीकडून बिलापेक्षा थोडे कमी पैसे आले तर आधी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, कापलाय का ते विचारा. ती रक्कम आयकराच्या पोर्टलवर तुमच्या पॅनवर जमा दिसते आणि रिटर्न भरताना कामाला येते.

सगळ्यांना एकच मेसेज पाठवणं

'आम्ही आकर्षक वेबसाईट बनवतो, संपर्क साधा' असा मेसेज मी शंभरेक जणांना पाठवला होता. एकही उत्तर आलं नाही, आणि ते रास्तच होतं. त्या मेसेजमध्ये त्या माणसाच्या धंद्याबद्दल एक शब्द नव्हता.

माझी गाडी रुळावर आली ती फाउंड्रीमुळे. कोल्हापूरला शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत ओतकामाचे कारखाने आहेत. पहिल्या फाउंड्रीची साईट मी सगळ्यांसारखीच केली: वर गेटचा मोठा फोटो, खाली 'आमच्याविषयी'. दुसऱ्या ठिकाणी तिथल्या क्वालिटीच्या माणसाजवळ तासभर उभा राहिलो. त्याने सांगितलं, बाहेरून खरेदीवाले फोन करतात तेव्हा काय विचारतात. ओतीव लोखंडातलं ग्रे आयर्न करता की एसजी आयर्न? किती किलोपासून किती किलोपर्यंतचं कास्टिंग? महिन्याला किती टन? धातूत काय काय आहे ते तपासणारा स्पेक्ट्रोमीटर स्वतःचा आहे का? मशीनिंग आत होतं की बाहेर? आयएसओ आहे का? मी ही सहा उत्तरं पहिल्याच पानावर एका तक्त्यात मांडली. गेटचा फोटो खाली गेला.

तिसऱ्या फाउंड्रीत हे प्रश्न मीच मालकांना विचारले. त्यांनी चहा सांगितला. त्या क्वोटेशनवर घासाघीस झाली ती फक्त दोन हजारांची. धंदा माहीत असलेला माणूस म्हणून मला दर मिळाला. तुमच्या भागात द्राक्षं असतील, बेदाणा असेल, होमस्टे असतील, दवाखाने असतील. एक धरा आणि त्याच्या गिऱ्हाइकाला काय बघायचं असतं ते शिका.

मग मेसेज पाठवायचाच तर एकाच माणसाला पाठवा, त्याची सध्याची साईट मोबाईलवर उघडून. "तुमच्या नंबरवर बोट लावलं तर फोन लागत नाही, कारण नंबर चित्रात आहे," असा अर्ध्या मिनिटाचा स्क्रीनचा व्हिडिओ. दिवसाला तीन पुरे झाले.

ओळखी कुठे करायच्या? छापखान्यात. नवीन धंदा सुरू करणारा माणूस व्हिजिटिंग कार्ड आणि पाटीसाठी आधी तिथे जातो. त्याच्या पाठोपाठ सीए आणि प्रॉडक्टचे फोटो काढणारे. या तिघांशी माझं नातं जितकं जुनं झालं तितकं काम शोधणं कमी झालं. फाइव्हरसारख्या, फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या साईटवरही कामं मिळतात, पण तिथे २० टक्के कापून पैसे हातात येतात, ते धरूनच दर लावा.

नातेवाईकांचं काम फुकट करायची वेळ येतेच. करा, पण बिल पूर्ण रकमेचं बनवा आणि खाली तेवढीच सवलत दाखवा. मामांनी पुढे कुणाला तुमचं नाव सुचवलं तर आकडाही सोबत जातो.

"तो तर पाच हजारांत करतो" ऐकून दर पाडणं

दर कमी करायचा तर कामही कमी करा. "पाच हजारांत एक पान होईल: फोटो, पत्ता, नकाशा, व्हॉट्सअॅपचं बटण. बाकीची पानं पुढच्या वर्षी जोडू." काही जण ते घेतात, आणि ते चांगलं काम असतं. तेवढंच काम कमी पैशांत केलं तर आधीचा आकडा खोटा होता असं आपणच कबूल करतो, आणि पुढचं प्रत्येक बिल त्याच घासाघिशीतून जातं.

जुन्या क्लायंटला जुनाच दर वर्षानुवर्षं लावणं

देखभालीचा दर वर्षाच्या सुरुवातीला वाढवा, आणि महिनाभर आधी कळवा. मी गेल्या मार्चमध्ये त्याच गूळ व्यापाऱ्यांना पाठवलेला मेसेज असा होता:

"नमस्कार काका. एक एप्रिलपासून साईटच्या देखभालीचे वर्षाला ६,००० ऐवजी ७,५०० होतील. त्यात महिन्याला बॅकअप, अपडेट आणि दोन तासांपर्यंतचे बदल येतात. डोमेनचे पैसे नेहमीप्रमाणे तुमच्या कार्डावरून थेट जातील. या वर्षी पावडरच्या पानावर नवीन पॅकिंगचे फोटो टाकायचे असतील तर आत्ताच पाठवा, ते यातच करून देतो."

अर्ध्या तासात उत्तर आलं: "चालंल. फोटो उद्या पाठवतो, डॉक्युमेंट करून."