उन्हाळ्यात मॉडेल विमानाची मोटर आणि ईएससी थंड कशी ठेवाल?

सांगलीजवळच्या एका रानात, ऊस तुटून गेल्यावर, एप्रिलच्या भर दुपारी विमान उडवत होतो. चौथ्या मिनिटाला मोटर गप्प झाली आणि विमान शेजारच्या उभ्या उसात शिरलं. शोधायला पाऊण तास गेला, पाल्यानं हात चिरले ते वेगळंच. ईएससीला, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटला, बोट लावलं तर चटका बसला. फार तापल्यावर तिनं मोटरची वीज तोडली होती. नाकाला भोक चांगलं ऐसपैस होतं, पण आत आलेल्या हवेला बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती.

म्हणून कटर हातात घेतलात की आधी मागची वाट कापा. पोटाखाली, पंखाच्या मागे, नाकाच्या भोकाच्या दीडपट ते दुप्पट. त्या भोकाच्या पुढच्या कडेला फोमची छोटी पट्टी तिरकी चिकटवा, म्हणजे उडताना तिच्यामागे आतली हवा ओढली जाते. मग प्रॉप, म्हणजे नाकावरचा फिरता पंखा, काढून विमान टेबल फॅनसमोर धरा आणि नाकाशी उदबत्ती न्या. धूर पोटाखालून निघाला तर जमलं. आतच घुटमळला तर बॅटरी किंवा वायरींचा गुंता आडवा आलाय.

ईएससी फोमच्या खाचेत दाबून बसवू नका, फोम उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तिच्यावरच्या हीट सिंकची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीची, सपाट बाजू वाहत्या हवेकडे ठेवा आणि तिच्यावर पट्टा आवळू नका.

हवेइतकाच प्रॉपही महत्त्वाचा. 9 इंचीच्या जागी त्याच पिचचा (एका फेरीत जितकं पुढे सरकेल ते अंतर) 10 इंची लावला, तर तेवढ्याच फेऱ्यांना जवळजवळ दीडपट ताकद लागते. प्रॉप बदलला की वॉटमीटर लावा, मोटर किती अँपिअर ओढते ते त्यावर दिसतं. विमान घट्ट बांधा, मागे उभे राहा, फुल थ्रॉटल दहाच सेकंद. 40 अँपिअरच्या ईएससीवर मी 32 च्या वर जात नाही. मोटरची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची.

उतरल्यावर मोटरला हात लावून बघा. पाच सेकंद बोट टेकवत नसेल तर प्रॉप लहान करा. मोटरमधले साधे निओडिमियम चुंबक 80 अंशांपुढे कायमचे कमजोर होऊ लागतात. लिपो बॅटरी 60 अंशांच्या आत हवी, आणि निवल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही. गाडीच्या डिकीत तर ती ठेवूच नका, बांधावरच्या लिंबाखाली ठेवा.