अतिजवळचं मॅक्रो: मावा, फुलकिडे, तुडतुडे टिपताना या चुका टाळा

रुईच्या कोवळ्या शेंड्यावरचा पिवळा मावा जेमतेम २ मिमीचा असतो. साध्या मॅक्रो लेन्सने १:१ ला टिपला, तर सेन्सरवरही तो तेवढीच जागा घेतो. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी, म्हणजे फ्रेमचा दहावा भागही भरत नाही. त्याचे काळे पाय, काळ्या मिशा आणि मागच्या बाजूला वर आलेल्या दोन काळ्या नळ्या नीट दिसायला हव्या असतील, तर ४ पटीच्या आसपास जावं लागतं. तिथे गेल्यावर फुलपाखरं आणि चतुर टिपताना लागलेल्या सवयी अंगाशी येतात. बहुतेक बिघाडांचं मूळ त्या सवयींतच आहे.

फोटो सगळीकडून मऊ: अ‍ॅपर्चर गरजेपेक्षा जास्त बंद

फोकसची खोली कमी पडते म्हणून अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, बारीक करायला हात आपोआप एफ ११, एफ १६ कडे जातो. १:१ च्या आत हे खपतं. ४ पटीला मात्र लेन्सवरचा आकडा आणि सेन्सरपर्यंत पोचणारा आकडा यांत मोठा फरक पडतो. हिशेब सोपा आहे: लेन्सवरचा आकडा गुणिले (मॅग्निफिकेशन अधिक १). एफ ८ ठेवून ४ पटीला गेलात, तर प्रत्यक्षात एफ ४० वर काम चाललेलं असतं. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, एका बिंदूचा सेन्सरवर साधारण ५० मायक्रॉनचा ठिपका होतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी कॅमेऱ्यात एक पिक्सेल सुमारे ४ मायक्रॉनचा असतो. म्हणजे एकेक बारकावा डझनभर पिक्सेलवर फासला जातो, आणि तो कुठल्याही शार्पनिंगने परत येत नाही.

म्हणून ४ ते ५ पटीला एफ २.८ ते एफ ४, २ ते ३ पटीला एफ ५.६ च्या आसपास ठेवा. एकाच फ्रेममध्ये काम उरकायचं असेल, तर २ पटीला एफ ८ पर्यंत तडजोड चालते. तेव्हाही फोकसची खोली अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमीच मिळते, तेव्हा किडा लेन्सला समांतर, बाजूने घ्या.

हा हिशेब लाओवा २५ मिमी किंवा कॅननची एमपी-ई ६५ मिमी यांसारख्या लेन्सना लागू पडतो. टेलिझूमवर रेनॉक्स डीसीआर-२५० (लेन्सच्या तोंडावर लावायची क्लोज-अप जोडलेन्स) लावत असाल, तर गणित वेगळं आहे. रेनॉक्सची शक्ती ८ डायॉप्टर, म्हणजे नाभीय अंतर १२५ मिमी. २५० मिमीवर ठेवलेल्या आणि अनंतावर फोकस केलेल्या लेन्सपुढे ती बरोबर २ पट देते, आणि अ‍ॅपर्चरचा आकडा जवळपास जसाच्या तसा राहतो. तिथे एफ ११ बिनधास्त वापरा. दुसऱ्या कुणाचं सेटिंग उचलताना त्याच्या कॅमेऱ्यापुढे नेमकं काय लावलं होतं ते आधी पाहा. ते न पाहता आकडा उचलण्यात काही अर्थ नाही.

रिव्हर्स रिंग, म्हणजे लेन्स उलटी बसवायची कडी, वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. १८-५५ लेन्स उलटी लावली की १८ मिमीला मॅग्निफिकेशन सर्वांत जास्त आणि ५५ ला सर्वांत कमी मिळतं. आणि अ‍ॅपर्चर रिंग असलेली जुनी लेन्स मिळाली तर तीच घ्या, कारण लेन्स उलटी केल्यावर कॅमेऱ्यातून अ‍ॅपर्चर बदलता येत नाही.

कडा दुहेरी दिसतात, केसांमागे सावलीसारखी रेघ

हा फोकसचा दोष वाटतो, पण तसा नाही. फ्लॅशने एक प्रतिमा गोठवली आणि आजूबाजूच्या उजेडाने तिच्या बाजूला दुसरी, हललेली प्रतिमा उमटवली. तपासणी अगदी सोपी: फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. तो पूर्ण काळा आला पाहिजे.

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी दहानंतरच्या उन्हात तो काळा येत नाही. ४ पटीला एफ ४ म्हणजे प्रत्यक्षात एफ २०. १/२०० सेकंद आणि आयएसओ २०० ला भर उन्हात हे एक्स्पोजर जेमतेम पाऊण स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी असतं, त्यामुळे ऊन पूर्ण ताकदीने फ्रेममध्ये येतं. इथे बरेच जण हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरबरोबर फ्लॅश चालवण्याची सोय) चालू करून शटर १/१००० वर नेतात. ती चूक आहे. हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकदाच चमकून थांबत नाही, शटर सरकत असेपर्यंत भराभर लुकलुकत राहतो. त्याची ताकद घटते आणि हालचाल गोठवण्याचा गुणही जातो. त्यापेक्षा शटर सिंक स्पीडवरच (साध्या फ्लॅशबरोबर चालणारा सर्वांत जास्त वेग), म्हणजे १/१६० ते १/२५० वर ठेवा आणि किड्यावर छत्रीची सावली धरा. साधी काळी छत्री हे काम चोख करते.

फ्लॅश मॅन्युअलवर आणि १/१६ ते १/८ शक्तीच्या आसपास हवा. पूर्ण शक्तीला फ्लॅशची चमक लांबते, साधारण १/३०० सेकंदापर्यंत, आणि तेवढ्यात मिशी हललेली दिसते. १/१६ ला तीच चमक सेकंदाच्या काही दहा-हजारांश भागांवर येते. उजेड कमी पडला, तर शक्ती वाढवण्याआधी फ्लॅश पुढे आणा, नाहीतर आयएसओ ४०० करा.

पाठीवर पांढरे डाग

अतिजवळच्या मॅक्रोत लेन्सपेक्षा डिफ्युझरवर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवणाऱ्या पडद्यावर, जास्त मेहनत घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. महागडी लेन्स आणि फ्लॅशच्या डोक्यावर चिकटवलेली छोटी पांढरी टोपी ही जोडी कुचकामी ठरते, कारण किड्याला दिसणारा दिवा छोटाच राहतो. डिफ्युझरचा पृष्ठभाग किड्यापासून ३ ते ५ सेंमीवर आला पाहिजे आणि वरून दोन्ही बाजूंनी थोडा वाकलेला हवा.

दोष शोधायचा असेल, तर लेडीबर्डचा फोटो काढून तिच्या पाठीवरची चमक १०० टक्के झूम करून पाहा. त्या गुळगुळीत घुमटात तुमचा डिफ्युझर जसाच्या तसा उमटलेला असतो. मध्ये जळजळीत ठिपका आणि कडेला करडा रंग दिसला, तर प्रकाश पसरलेला नाही. तो पसरवायला दोन थर लागतात: पहिला फ्लॅशच्या तोंडाजवळ, दुसरा त्यापासून ४-५ सेंमी पुढे. दोन थर एकमेकांना चिकटवले, तर फक्त उजेड कमी होतो, ठिपका तसाच राहतो.

साहित्य पेठांत मिळून जातं. अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानातला ट्रेसिंग पेपर, बोहरी आळीत पॅकिंगसाठी मिळणारं पातळ पांढरं फोम शीट, आणि आकार धरून ठेवायला दुधाळ प्लास्टिकची फाइल. पुढच्या थराला फोम वापरा. पावसाळी हवेत ट्रेसिंग पेपर लगेच सुरकुततो. बटर पेपर पिवळसर झाक देतो. तो वापरलात, तर डिफ्युझरसकट पांढऱ्या कागदाचा फोटो काढून व्हाइट बॅलन्स एकदाच लावून ठेवा.

बॅकग्राउंड काळंकुट्ट येणं हा सेटिंगचा दोष नाही. फ्लॅशचा उजेड अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. किड्याच्या मागे ३-४ सेंमीवर एखादं सुकलेलं पान क्लिपने धरलं की काम होतं.

फोकस हातात राहत नाही

फोकस रिंग फिरवू नका. मॅग्निफिकेशन आधी ठरवा, मग सगळा कॅमेरा पुढे-मागे सरकवा. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने फांदी धरा आणि त्याच हाताच्या मुठीवर लेन्सचं तोंड टेकवा. आता फांदी आणि कॅमेरा एकत्र हलतात, वारा आला तरी अंतर फारसं बदलत नाही. मूठ हलकेच दाबली-सोडली की फोकस मिलिमीटरच्या अंशाने सरकतो. उघड्यावर ट्रायपॉड इतकी साथ देत नाही.

एक काळजी घ्या: रुईची फांदी मोडली की चीक येतो. तो हाताला लागला आणि त्याच हाताने डोळा चोळला, तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. फांदी मोडू नका, आणि हात धुतल्याशिवाय व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका. माव्याच्या वसाहतीखाली लेन्स धरलीत, तर त्यांचा गोड चिकट स्राव काचेवर पडतो, तेही लक्षात असू द्या.

सुरुवातीला मावाच बरा, कारण तो जागा सोडत नाही. बाल्कनीतल्या जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूणही तसाच. बाभळीवरचे शिंगं असलेले तुडतुडे मात्र सावली पडली की फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतात. तेव्हा दुसरा हात पलीकडून हळू आणा, ते परत तुमच्याकडे येतील. डिसेंबर-जानेवारीत उजाडताना टेकडीवर किडे गारठलेले असतात, तेव्हा दहा-पंधरा फ्रेम सहज मिळतात. तीच स्थिती आणण्यासाठी किडा फ्रिजमध्ये ठेवणं किंवा गोंदाने चिकटवणं हा निव्वळ छळ आहे. तसं करू नका.

स्टॅक फसतो

स्टॅक म्हणजे फोकस थोडा थोडा सरकवत काढलेल्या अनेक फ्रेम सॉफ्टवेअरने जोडून केलेला एक फोटो. एफ ४ आणि ४ पटीला फोकसची खोली सुमारे ०.०५ मिमी. फ्रेम एकमेकींवर थोड्या चढायला हव्यात, म्हणून पायरी ०.०३५ मिमी धरा. १ मिमी जाडीच्या माव्याला ३० च्या आसपास फ्रेम लागतात. रेलच्या (कॅमेरा नॉबने बारीक सरकवणाऱ्या पट्टीच्या) स्क्रूचा आटा १ मिमीचा असेल, तर एका फ्रेममागे नॉब फक्त १२-१३ अंश फिरवायचा. स्वस्त रेलमध्ये आट्यांना ढिलाई असते, त्यामुळे नॉब नेहमी एकाच दिशेने फिरवा. चुकून मागे गेलात, तर बरंच मागे नेऊन पुन्हा सुरुवात करा.

तयार फोटोत मध्येच धूसर पट्टा दिसला, तर एक पायरी मोठी पडली आहे किंवा एका फ्रेमला फ्लॅश चार्ज व्हायच्या आत शटर दाबलं गेलं आहे. दुसरं असेल, तर ती फ्रेम अंधारी दिसते. ती काढून टाका आणि पुढच्या वेळी दोन फ्रेमच्या मध्ये २-३ सेकंद थांबा. केसांभोवती पांढुरकी वलयं आली, तर झेरीन स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये डीमॅपऐवजी पीमॅक्स (फ्रेम जोडण्याच्या त्यातल्या दोन पद्धती) वापरून पाहा. पीमॅक्समध्ये एकमेकांवरून जाणारे केस स्वच्छ येतात, पण नॉइज वाढतो आणि रंग थोडे भडक होतात. म्हणून मूळ फोटो डीमॅपचा ठेवून केसांपुरता भाग पीमॅक्समधून रिटच करणं उत्तम.

आणि एका ओळीत पुढे-पुढे सरकत गेलेले काळे ठिपके दिसले, तर ती सेन्सरवरची धूळ आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमचा आकार जुळवून घेतं, त्यात एकच कण दरवेळी थोडा सरकतो आणि त्याची माळ होते. प्रत्यक्ष अ‍ॅपर्चर एफ २० असल्याने एरवी न दिसणारी धूळही इथे दिसते. स्टॅक सुरू करण्याआधी पांढऱ्या कागदाचा एक फोटो काढून बघा, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून ब्लोअर मारा, आणि मगच पहिली फ्रेम घ्या.