ट्रंकेतला मेंटल हॉस्पिटलचा जुना केसपेपर कसा वाचायचा

घरात लग्न ठरायला आलं, किंवा नातवाच्या डॉक्टरांनी ‘घरात आधी कुणाला असा त्रास होता का?’ असं विचारलं, की ट्रंकेच्या तळाचे कागद वर येतात. आजोबा, आत्या, थोरले काका, कुणीतरी १९४५ ते १९७० च्या दरम्यान ‘येरवड्याला’ किंवा ‘ठाण्याला’ होतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. मी मनोरुग्णालयात सिस्टर होते. आता निवृत्त आहे, आणि ओळखीपाळखीचे लोक असे कागद घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांचं बोट आधी निदानाच्या ओळीवर जातं. ती ओळ सगळ्यात शेवटी वाचायची. आधी तारीख बघायची.

त्या साली डॉक्टरांच्या हातात काय होतं, यावर केसपेपरातलं निम्मं ठरतं. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत वेडावर चालेल असं खास औषध वॉर्डात नव्हतंच. होती ती गुंगीची औषधं: ब्रोमाइड, ल्युमिनल, पॅराल्डिहाइड. पॅराल्डिहाइड दिलेल्या पेशंटच्या श्वासालासुद्धा वास यायचा. ज्यांनी तो घेतलाय ते विसरत नाहीत. म्हणून १९४८ च्या कागदावर नुसती झोपेची औषधं दिसली तर ‘उपचारच केले नाहीत’ म्हणून चिडू नका.

सोबत कोर्टाचा कागद असेल तर घाबरायचं नाही. ‘काकांनी गुन्हा केला होता का हो?’ हे मला हमखास विचारतात. १९१२ च्या ल्युनसी ॲक्टाप्रमाणे, म्हणजे वेड्यांबाबतच्या कायद्याप्रमाणे, साध्या घरगुती माणसालाही दाखल करायचं तर नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटची ‘रिसेप्शन ऑर्डर’ लागायची. रस्त्यावर भटकताना सापडलेल्याला पोलीस कोर्टापुढे उभं करत. आपल्या मर्जीने आलेला पेशंट ‘व्हॉलंटरी बोर्डर’. हा कायदा १९९३ पर्यंत चालला. गुन्ह्याशी खरंच संबंध असेल तर कागदावर ‘क्रिमिनल’ असं स्वच्छ लिहिलेलं असतं.

आता उपचाराचं पान. ‘इन्सुलिन’ दिसलं की लोक म्हणतात, ‘म्हणजे डायबिटीस होता!’ नव्हता. व्हिएन्नाच्या मानफ्रेड साकेलने १९३३ च्या सुमारास काढलेली ही पद्धत. पेशंटला सकाळी उपाशीपोटी इन्सुलिन टोचायचं, रोज डोस वाढवत न्यायचा, इतका की साखर उतरून तो बेशुद्ध पडे. घामाने चादरी भिजत. मग नळीने साखरेचं पाणी पोटात, नाहीतर शिरेतून ग्लुकोज देऊन जागं करायचं. असं एकदा नाही, आठवडेच्या आठवडे. आमच्या जुन्या मेट्रन सांगायच्या, त्या वॉर्डात सिस्टर पेशंटला सोडून चहालाही जायची नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे लंडनला ॲकनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलना करून पाहिली. काही पेशंटना इन्सुलिनने बेशुद्ध केलं, काहींना झोपेच्या औषधाने, आणि बाकीची देखभाल तीच ठेवली. निकाल १९५७ मध्ये छापून आला: फरक नाही. मग जे बरे होत, ते कशाने? मला तरी वाटतं, दिवसभर कुणीतरी उशाशी बसलेलं असायचं, त्याचा वाटा मोठा असणार. तुमच्या कागदात त्या महिन्यांत वजन भराभर वाढलेलं दिसेल. ते इन्सुलिनमुळे लागणाऱ्या भुकेचं.

‘ई.सी.टी.’ किंवा नुसतं ‘शॉक’, म्हणजे डोक्याला विजेचा झटका. सुरुवात १९३८ ची, रोमच्या चेरलेत्ती आणि बिनी यांची. त्यापुढे ‘मॉडिफाइड’ लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर भूल आणि स्नायू सैल करणारं इंजेक्शन देऊन शॉक दिलेला. हा शब्द नसेल तर बहुधा तसाच, जागेपणी. अशा वेळी दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत ‘पाठ दुखते’ असलं तर ते नाटक नव्हे. जोराच्या आचक्याने मणका मोडायचा. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने भुलीशिवाय शॉक द्यायला बंदी आहे. भुलीसह हा उपचार आजही होतो, आणि तीव्र नैराश्यात उपयोगी पडतो, हेही सांगून ठेवते. सिनेमा बघून मत बनवू नका.

‘ल्युकोटॉमी’ क्वचित सापडते. लिस्बनच्या मोनिझने १९३५ मध्ये ही मेंदूची शस्त्रक्रिया सुरू केली, १९४९ मध्ये त्यासाठी त्याला नोबेलही मिळालं. आपल्याकडे बंगळूरला डॉ. गोविंदस्वामींच्या काळात ती झाली. त्यानंतर माणूस ‘शांत झाला’ असं लिहिलेलं असलं, तर शांत म्हणजे काय, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

‘सर्पासिल’ हा शब्द सापडला तर थांबा. हे आपल्या सर्पगंधेचं औषध. बिहारकडे ही मुळी वेडावर पूर्वापार देत. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये तिच्यावर लिहिलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात रक्तदाबावरचे अनुभव छापले आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सिबा कंपनीत १९५२ मध्ये त्यातलं रेसर्पिन वेगळं झालं, दोन वर्षांत न्यूयॉर्कचे नेथन क्लाइन ते मनोरुग्णांना देऊ लागले. आपली मुळी बाझलहून गोळी होऊन परत आली म्हणायची! वाचताना बघायचं ते असं: सर्पासिल सुरू झाल्यानंतर ‘नाक चोंदतं’, ‘चक्कर येते’, ‘गप्प बसते, रडते’ अशा नोंदी येतात का? या औषधाने उदासी येते असं तेव्हाच्या डॉक्टरांना दिसलं होतं. नंतर त्यावर शंकाही घेतल्या गेल्या. तरी आत्याचं रडणं गोळीच्या आधीचं की नंतरचं, हे तारखा लावून बघाच.

‘लारगॅक्टिल’ म्हणजे क्लोरप्रोमाझिन, वेडावरचं खास औषध, १९५२ मध्ये पॅरिसला देले आणि डेनिकर यांनी वापरात आणलेलं. हात थरथरणं, लाळ गळणं, लाकडासारखं चालणं, उन्हात कातडी भाजणं, कधी कावीळ, हे सगळं त्याचं. ‘शॉक देऊन देऊन हात थरथरायला लागले’ अशी गोष्ट ज्या घरात सांगतात, तिथल्या कागदात बरेचदा लारगॅक्टिल निघतं.

मग रोजच्या नोंदी. त्यात ‘आय.एस.क्यू.’ दिसेल: स्थिती होती तशीच. एका बाईंच्या केसपेपरात मी पानभर एकाखाली एक आय.एस.क्यू. पाहिलेत, त्याच शाईने, त्याच तिरक्या अक्षरात. पेशंट खरंच तसाच होता, की डॉक्टरांना वॉर्डात शेकडो पेशंट होते? वजनाचा तक्ता बघा. त्याच महिन्यांत वजन उतरलेलं असेल तर ‘तशीच’ हे खरं नव्हे. झोप, जेवण, वजन, भेटीला कोण आलं, याच नोंदींवर माझा भरवसा जास्त.

आता निदान. ‘डिमेन्शिया प्रीकॉक्स’ (स्किझोफ्रेनियाचं जुनं नाव) किंवा ‘स्किझोफ्रेनिया’ लिहिलं म्हणजे आजच्या अर्थाने तेच होतं असं धरू नका. साठीच्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनच्या दवाखान्यांची तुलना झाली. न्यूयॉर्कला स्किझोफ्रेनियाचा शिक्का फार सढळ हाताने मारत. दोन्हीकडच्या पेशंटना एकाच पद्धतीने प्रश्न विचारले तेव्हा हा फरक जवळजवळ उरला नाही. ‘जी.पी.आय.’ आणि जवळ ‘डब्ल्यू.आर. पॉझिटिव्ह’ (रक्ताची वासरमन तपासणी) असेल तर ती मेंदूपर्यंत पोचलेली गरमी, म्हणजे सिफिलिस. त्यावर आधी मलेरियाचा ताप मुद्दाम आणत, पुढे पेनिसिलिन आलं. ‘निकोटिनिक ॲसिड’ दिलं असेल तर पेलाग्राची शंका होती, म्हणजे कुपोषणाचं भ्रमिष्टपण. दख्खनच्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो आजार असायचा. हे दोन्ही ‘घराण्यातलं वेड’ नव्हेत. असल्या कागदापायी मुलीचं स्थळ मोडू नका.

डॉक्टरांकडे जाताना सगळी फाइल नेऊन टेबलावर आपटू नका, त्यांना वेळ नसतो. एका कागदावर लिहा: नातं, पहिल्यांदा आजारी पडले तेव्हाचं वय, मधे पूर्ण बरे होत होते का, किती वेळा दाखल झाले, कशाने उतार पडला. आत्महत्येचा प्रयत्न झाला असेल तर तो लपवू नका. आणि १९७० नंतरच्या कागदात ‘लिथियम’ने बरं वाटल्याची नोंद असेल तर तिच्याखाली रेघ मारा. ऑस्ट्रेलियाच्या जॉन केडने १९४९ मध्ये उन्मादाच्या दहा पेशंटवर वापरलेलं हे औषध अजून चालतं, आणि आजोबांना ते लागू पडलं होतं, ही माहिती नातवाच्या डॉक्टरांना कामाची असते.

फाइल घरात नसेल तर रुग्णालयाच्या अधीक्षकांच्या नावे अर्ज करा. नाव, वडिलांचं नाव, गाव, दाखल केल्याचं अंदाजे साल आणि तुमच्या नात्याचा पुरावा जोडा. बायकांच्या बाबतीत माहेरचं नावही द्या, कारण नोंदवहीत कुठलं लिहिलं असेल याचा नेम नाही. आणि मिळालेल्या मूळ कागदाला लॅमिनेशन अजिबात करू नका. मोबाइलने फोटो काढा, झेरॉक्स करा, मूळ कागद साध्या पाकिटात कोरड्या जागी ठेवा.