दुपारची नोकरी हवी? ‘यूके शिफ्ट’ विचारा

इंदूरमध्ये सकाळ घरासाठी मोकळी ठेवून पूर्ण पगाराची नोकरी हवी असेल, तर ‘इव्हनिंग जॉब’ असं शोधू नका. बहुतेक अर्धवेळ कामंच समोर येतात. विजयनगरकडच्या ऑफिसांत ‘यूके शिफ्ट’, म्हणजे ब्रिटनच्या ऑफिसवेळेनुसार चालणारी पाळी, आहे का विचारा. लंडनचे सकाळचे ९ म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, आणि ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं मागे गेली की अडीच. ९ तास धरले तर थंडीत सुटायला साडेअकरा! पीथमपूरच्या कारखान्यांतली सेकंड शिफ्टही दुपारचीच, पण ती बऱ्याचदा फिरती असते. म्हणून ‘फिक्स शिफ्ट’ ऑफर लेटरवर लिहून घ्या, एचआरच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. आणि परतीची गाडी दारापर्यंत सोडते की राजवाड्यालाच उतरवते, तेही विचारा.