संशयास्पद रॅन्समवेअर फाइल कशी ओळखावी आणि कशी काढावी

रावेरच्या केळी व्यापाऱ्याचे कार्यालय असो की जळगावच्या दाणा बाजारातील पेढी, संगणकात रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम) शिरले की शेजारून पहिला सल्ला येतो तो ‘फॉरमॅट मारा’ हाच. सल्ला देणारा मोकळा होतो आणि मालकाचा टॅलीचा डेटा कायमचा जातो, कारण फॉरमॅटबरोबर कुलूपबंद फाइल्स, खंडणीची चिठ्ठी आणि त्या चिठ्ठीतील ओळख क्रमांक असे पुढे उपयोगी पडू शकणारे सारेच पुसले जाते. पुढील क्रम विंडोज १० आणि ११ साठी आहे.

सर्वप्रथम इंटरनेटची वायर काढावी, वाय-फाय बंद करावे आणि जोडलेली हार्डडिस्क व पेनड्राइव्ह सोडवून ठेवावेत. फाइल्सची नावे डोळ्यांदेखत बदलत असतील तर विचार करत न बसता पॉवरचे बटण दाबून धरून संगणक बंद करावा आणि तो पुन्हा नेहमीप्रमाणे सुरू न करता त्याची डिस्क जाणकाराकडून दुसऱ्या संगणकावर तपासून घ्यावी. बदल थांबलेले असतील तर मात्र संगणक चालूच ठेवावा. वॉनाक्राय या रॅन्समवेअरच्या २०१७ च्या हल्ल्यात काही जुन्या विंडोज संगणकांच्या मेमरीतून फाइल्सचे कुलूप उघडणारी किल्ली मिळवता आली होती, पण ती रीस्टार्ट न केलेल्यांनाच. त्यानंतर चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढावा.

आता खरी अडचण येते. हजारो फाइल्समधून गुन्हेगार फाइल नेमकी कोणती, हे ओळखण्यात सुरुवातीला माझाही सर्वाधिक वेळ जात असे आणि चुकीचे सल्लेही याच टप्प्यावर सर्वाधिक मिळतात. नावावरून किंवा चिन्हावरून ओळखू नये. विंडोज मूळ मांडणीत फाइलचे शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटी तिचा प्रकार सांगणारे एक्स्टेंशन, लपवते, त्यामुळे ‘बिल्टी.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल पडद्यावर ‘बिल्टी.पीडीएफ’ एवढीच दिसते आणि तिच्यावर पीडीएफचे लाल चिन्हही चिकटवलेले असते. म्हणून फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेंशन्स दिसतील असे करावे.

नावापेक्षा वेळ अधिक भरवशाची असते. कुलूपबंद झालेल्या फाइल्स बदलाच्या वेळेनुसार लावून सर्वांत आधी कोणती बिघडली ते पाहावे आणि त्या क्षणाच्या थोडे आधी तयार झालेल्या ईएक्सई व स्क्रिप्ट (म्हणजे प्रोग्राम म्हणून चालणाऱ्या) फाइल्स डाउनलोड्स, टेम्प, प्रोग्रामडेटा आणि ॲपडेटाच्या लोकल व रोमिंग या फोल्डरांत शोधाव्यात. आपल्याकडे हा शोध बहुधा एखाद्या ‘फुकट’ क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरच्या झिप फाइलपाशीच येऊन थांबतो. स्टॉप-डीजेव्हीयू हे रॅन्समवेअरचे कुटुंब मुख्यतः याच वाटेने पसरले. ‘एसव्हीसीहोस्ट’सारखे विंडोजचे नाव दिसले म्हणून फाइल निर्दोष समजू नये. खरी एसव्हीसीहोस्ट सिस्टम३२ मध्ये राहते. ॲपडेटामध्ये सापडली तर ती बनावट समजावी.

संशय आला तरी फाइलवर डबल क्लिक करून ‘बघू या काय होते’ असे कोणीही करू नये, आणि ती व्हॉट्सॲपवर भाच्याला पाठवूही नये. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा देण्याच्या खिडकीत गेट-फाइलहॅश ही आज्ञा देऊन तिचा ६४ अक्षरांचा एसएचए-२५६ ठसा (बोटाच्या ठशासारखी फाइलची ओळख) काढावा आणि तो दुसऱ्या यंत्रावरून व्हायरसटोटल या फाइल्स तपासणाऱ्या संकेतस्थळावर शोधावा. अनेक अँटिव्हायरस इंजिनांनी लाल खूण दाखवली तर प्रश्न मिटला. तेथे ठसा सापडलाच नाही, तर ती फाइल अजून कोणी तपासायला दिलेली नाही एवढाच त्याचा अर्थ होतो; त्याला निर्दोषत्वाचा दाखला मानणारे पुन्हा अडकतात. ग्राहकांची बिले किंवा कागदपत्रे मात्र तेथे चढवू नयेत, कारण चढवलेल्या फाइल्स इतरांनाही मिळू शकतात.

फाइल चालू असेल तर चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या, मायक्रोसॉफ्टच्या मोफत प्रोसेस एक्सप्लोररमध्ये ती शोधावी. येथे माझे ठाम मत असे की आधी ‘सस्पेंड’ (गोठवणे) आणि मगच ‘किल’ (संपवणे) करावे. दोन प्रक्रिया एकमेकींवर पहारा ठेवत असतील तर एक मारताच दुसरी तिला पुन्हा उभी करते. दोन्ही गोठवल्या की मग निवांतपणे संपवता येतात. यानंतर मायक्रोसॉफ्टच्याच ऑटोरन्स या साधनाने स्टार्टअपच्या (संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामच्या) नोंदी आणि ठरावीक वेळी कामे चालवणारा टास्क शेड्यूलर तपासावा. स्टॉप-डीजेव्हीयू तेथे ‘टाइम ट्रिगर टास्क’ नावाची नोंद ठेवते. ही नोंद आणि मूळ फाइलची प्रत राहिली, तर आज नव्याने टाकलेला डेटाही पुन्हा कुलूपबंद होतो.

खंडणीची चिठ्ठी आणि काही कुलूपबंद फाइल्स रिकाम्या पेनड्राइव्हवर घ्याव्यात, तो इतरत्र वापरू नये, आणि मग मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवून फाइल काढून टाकावी.

फाइल काढल्याने कुलूप उघडत नाही, हे ग्राहकाला मी आधीच सांगतो. २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि सुरक्षा कंपन्यांनी सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर चिठ्ठी व नमुना फाइल देऊन मोफत उपाय आहे का ते पाहावे. स्टॉप-डीजेव्हीयूमध्ये ओळख क्रमांकाच्या शेवटी ‘टी१’ असेल तर ऑफलाइन किल्ली (अनेक संगणकांसाठी एकच असलेली) वापरलेली असते आणि ती पुढे उपलब्ध होण्याची आशा धरता येते; म्हणून कुलूपबंद फाइल्स पुसू नयेत. खंडणी भरू नये. ‘शंभर टक्के डेटा काढून देतो’ म्हणणाऱ्यालाही आगाऊ पैसे देऊ नयेत. तक्रार १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करावी.

अशा फाइलबरोबर अनेकदा पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही येतो, त्यामुळे बँक, ईमेल आणि जीएसटीचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदलावेत. बॅकअपची डिस्क स्कॅन पूर्ण निर्मळ आल्यावर आणि टास्क शेड्यूलर पुन्हा एकदा तपासून झाल्यावरच जोडावी.